आपली तार आणि परकी तार

जोयडा तालुक्यातील ज्या जुन्या मराठी घराण्यांचे सोयरसंबंध गोव्यात आहेत, त्यांच्या घरी कॅसलरॉकच्या जकातीच्या गोष्टी अजून निघतात. २६ डिसेंबर १८७८ रोजी इंग्रज व पोर्तुगीज सरकारांमध्ये तह झाला आणि त्यातून मुरगाव बंदरापासून घाट चढून येणाऱ्या लोहमार्गाची योजना आकारास आली. १८८८च्या सुमारास तो मार्ग कॅसलरॉकला पोचला आणि लोंढ्याकडून आलेल्या सदर्न मराठा रेल्वेच्या मार्गाला मिळाला. घाटाखालचा मार्ग वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज रेल्वे या कंपनीचा, वरचा सदर्न मराठा कंपनीचा. परंतु दोहोंचे रूळ एकाच मापाचे, म्हणजे मीटर गेजचे होते. मालाचा डबा न उतरवता तसाच पुढे जाऊ शके. त्याच तहाने दोन्ही मुलखांच्या जकातीचे ऐक्यही घडवून आणले होते. ते १८९२ साली संपले, आणि मग रूळ तेच, डबा तोच, तरीही माल थांबू लागला, पेट्या उघडल्या जाऊ लागल्या. पुढे १९५५ साली भारत सरकारच्या आर्थिक नाकेबंदीत ही वाहतूकच बंद पडली. १९६१ साली गोवा मुक्त झाला तेव्हा कुठे ही सीमा पुसली गेली.

संगणकांच्या जाळ्यांविषयी लिहावयास बसलो असता प्रथम कॅसलरॉक आठवले, याचे नवल वाटू नये. शाळेतल्या मुलांना हल्ली पाठ्यपुस्तकांतून सांगितले जाते की, एका इमारतीतील वा आवारातील संगणक एकमेकांस जोडले की ते स्थानिक जाळे, म्हणजे लॅन. आणि गावोगावचे, देशोदेशीचे संगणक जोडले की ते विस्तृत जाळे, म्हणजे वॅन. व्याख्या चुकीची नाही. परंतु ती अंतरावर सारा भार टाकते, आणि अंतर हे या भेदाचे केवळ बाहेरून दिसणारे लक्षण आहे. आमच्या मते खरी सीमारेषा असते ती आपली तार संपून परकी तार सुरू होते तेथे. ज्याची तार त्याचा हुकूम, ज्याचा हुकूम त्याची जबाबदारी. हा मुद्दा वरवर कोरडा वाटेल. पण आपल्या जमिनीचा उतारा आज कोणत्या गावी ठेवलेला आहे, हा प्रश्न त्याच्याशी थेट बांधलेला आहे. त्याकडे येण्यापूर्वी थोडा इतिहास पाहू.

लहान जाळी आधी झाली आणि ती वाढत वाढत मोठी झाली, अशी पुष्कळांची समजूत असते. आज आपण ज्या रूपात ही जाळी ओळखतो त्यांचा क्रम मात्र उलटा आहे. अमेरिकेतील 'अर्पानेट' हे दूरच्या संगणकांना जोडणारे जाळे १९६९ साली सुरू झाले. त्या वर्षीच्या २९ ऑक्टोबरला लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून स्टॅनफर्डच्या संशोधन संस्थेकडे 'लॉगिन' हा शब्द पाठविण्याचा यत्न झाला. त्यातली पहिली दोन अक्षरे पोचली आणि यंत्रणा कोलमडली. मधल्या तारा टेलिफोन कंपनीकडून भाड्याने घेतलेल्या होत्या. दूरचे आधी जोडले गेले याचे कारण साधे आहे. त्या काळी एका संस्थेत एखादाच अवाढव्य संगणक असे. त्याला सोबती हवा तर तो दुसऱ्या गावातच सापडायचा. घरातल्या घरात जोडण्यासारखे काही नव्हतेच.

ती गरज चार वर्षांनी उत्पन्न झाली. कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात माणशी एक लहान संगणक देण्याचा बेत चालला होता आणि छपाईचे महागडे यंत्र सर्वांनी मिळून वापरायचे होते. तेथे रॉबर्ट मेटकाफ या तरुणाने १९७३च्या मे महिन्यात 'इथरनेट' या नावाची कल्पना टिपणरूपाने मांडली, आणि डेव्हिड बॉग्ज या सहकाऱ्यासह ती सिद्ध केली. एकच तार सर्व मेजांपाशी फिरवायची; ज्याला बोलायचे असेल त्याने आधी कानोसा घ्यायचा, शांतता असेल तर बोलायचे; दोघे एकदम बोलू लागले तर दोघांनीही थांबायचे आणि कमीजास्त वेळाने पुन्हा आरंभ करायचा. देवळातल्या बैठकीत सभ्य माणसे असेच वागतात! गंमत अशी की ही युक्ती मेटकाफ यांना सुचली ती हवाई बेटांवरून. नॉर्मन अब्रॅमसन यांनी तेथे १९७१ साली 'अलोहा' नावाचे बिनतारी जाळे उभारले होते, ते समुद्राने तोडलेल्या बेटांना जोडण्यासाठी. समुद्रापारची रीत अशा प्रकारे एका इमारतीच्या भिंतींआड आली.

बोलण्याची पाळी ठरविण्याची दुसरीही एक पद्धत होती. जाळ्यातील संगणक वर्तुळात जोडून एक 'टोकन' फिरते ठेवायचे. ते ज्याच्या हाती येईल त्यानेच बोलायचे. आयबीएम कंपनीने १९८०च्या दशकात ही रीत बाजारात आणली. आगगाडीच्या एकेरी मार्गाशेजारी ज्यांचे बालपण गेले त्यांना ही नव्याने समजावून सांगण्याची गरज नाही. स्टेशनातून मिळालेला गोळा वेताच्या कड्यात अडकवून घेतल्यावाचून ड्रायव्हर गाडी हलवीत नसे, आणि एका टप्प्यासाठी एका वेळी एकच गोळा यंत्रातून बाहेर निघे. शब्दही तोच, टोकन.

आता वेगाकडे पाहू, कारण आपली तार आणि परकी तार यांतला फरक पैशांत व मिनिटांत तेथे कळतो. १९८०च्या दशकात रूढ झालेल्या इथरनेटचा वेग सेकंदाला १ कोटी बिट होता. बिट म्हणजे संगणकाच्या लिपीतला सर्वांत लहान ठिपका. असे आठ ठिपके मिळून रोमन लिपीतले एक अक्षर होते. उलट अर्पानेटच्या भाड्याच्या तारा सेकंदाला ५० हजार बिट नेत, आणि आपल्याकडे १९९०च्या सुमारास टेलिफोनवरून चालणारे मोडेम बहुधा ९,६०० बिटांचे असत. दहा लाख अक्षरांचे एक दप्तर घ्या. शेजारच्या खोलीत ते एका सेकंदाच्या आत पोचेल. टेलिफोनवरून जायला जवळजवळ चौदा मिनिटे लागतील, आणि ती मिनिटे ट्रंक कॉलच्या दराने मोजली जातील. मधेच फोन कटला तर पुन्हा पहिल्यापासून. उपग्रहाची कथा आणखी वेगळी. तो विषुववृत्तावर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंच असतो. संदेश वर जाऊन खाली यायला पाव सेकंद, आणि उत्तर यायला आणखी पाव. अर्ध्या सेकंदाचा हा उशीर कितीही पैसे मोजले तरी कमी होत नाही, कारण प्रकाशाहून जलद काही धावत नाही.

म्हणून दोन्ही जाळ्यांची घडण निराळी झाली. घरच्या तारेवर वेग मुबलक आणि चूक क्वचित, तेव्हा तेथे शिष्टाचार साधे ठेवले. बाहेरच्या तारेवर मात्र मजकुराचे तुकडे करून प्रत्येकावर पत्ता घालणे, पोच मागणे, हरवलेला तुकडा पुन्हा पाठविणे, एक वाट बंद असेल तर दुसरी शोधणे, अशी सारी व्यवस्था लावावी लागली. व्हिंट सर्फ आणि रॉबर्ट कान यांनी १९७४ साली या व्यवस्थेचा आराखडा प्रसिद्ध केला आणि १ जानेवारी १९८३ पासून अर्पानेटने तो सर्वस्वी स्वीकारला. यालाच आज टीसीपी-आयपी म्हणतात. निरनिराळ्या मालकांच्या जाळ्यांना एक मापाचे रूळ मिळाले ते तेव्हा. एकाच मापाचे महत्त्व आपल्या भागातल्या वडीलधाऱ्यांनी चांगले अनुभवलेले आहे. १९७१ साली पुणे-मिरज-कोल्हापूर मार्ग रुंद झाला आणि लोंढ्याकडचा मात्र अरुंद राहिला. तेव्हापासून १९९०च्या दशकात आपला मार्गही रुंद होईपर्यंत पुण्यास जाणाऱ्या प्रत्येकाने मिरजेच्या फलाटावर वळकट्या, डबे आणि झोपलेली मुले एका गाडीतून दुसऱ्या गाडीत वाहिली. संगणकांच्या जाळ्यांतही असे मिरज स्टेशन असते. त्याला 'गेटवे' म्हणतात.

मात्र कॅसलरॉकचा धडा मिरजेहून वेगळा आहे. तेथे माप एकच असूनही जकात होतीच. आपल्या देशात तारेवर हक्क कोणाचा हे १८८५च्या भारतीय तार कायद्याने ठरविले होते. तार टाकण्याचा आणि चालविण्याचा विशेषाधिकार सरकारचा. इतरांस परवान्यावाचून तो नाही. साहजिकच एखाद्या साखर कारखान्याला वा बँकेला आपल्या आवारात संगणक जोडता येत, पण रस्ता ओलांडून पलीकडच्या शाखेत तार न्यायची तर टेलिफोन खात्याच्या दारी जावे लागे. लॅन आणि वॅन यांतली रेषा पुष्कळदा ही अशी, कुंपणाच्या भिंतीवरून जात असे. हा १८८५चा कायदा तब्बल १३८ वर्षे पुस्तकात राहिला. त्याची जागा घेणारा दूरसंचार कायदा २०२३ साली झाला. ज्या सेवेसाठी मूळ कायदा केला ती टेलिग्रामची सेवा त्याच्या दहा वर्षे आधीच, १५ जुलै २०१३ला, बंद झाली होती.

भारतातील विस्तृत जाळ्यांचा आरंभ सरकारी छत्राखालीच झाला. १९८६ साली शिक्षणसंस्था व संशोधनसंस्थांसाठी 'अर्नेट'चा उपक्रम निघाला. त्यात मुंबईच्या जुहू येथील नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी आणि पवईची आयआयटी या दोन्ही संस्था होत्या. त्याच दशकाच्या उत्तरार्धात राष्ट्रीय सूचना केंद्राने 'निकनेट' उभारले. जिल्ह्याजिल्ह्याच्या मुख्य ठिकाणी उपग्रहाकडे तोंड करून लहान तबकड्या बसल्या आणि जिल्ह्याचे ठिकाण म्हणून कारवारही त्या जाळ्यात आले. सामान्य नागरिकाला इंटरनेट मिळू लागले ते विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ला ही सेवा खुली केली तेव्हापासून, आणि तेही आधी महानगरांत.

सामान्य माणसाने मात्र हा भेद प्रथम अनुभवला तो रेल्वेच्या आरक्षण खिडकीवर. १९८५ साली दिल्लीत संगणकीय आरक्षणाचा आरंभ झाला. मग मुंबई व इतर केंद्रे आली. प्रत्येक केंद्राच्या संगणकात त्याच्या स्वतःच्या गाड्या. मुंबईत बसून दिल्लीहून परतीचे तिकीट हवे तर जुन्या रिवाजाने तार करून उत्तराची वाट पाहायची! खिडकीमागे संगणक आहे, तो क्षणात उत्तर देतो, आणि तरीही परतीच्या प्रवासाबद्दल तो मुका, हे लोकांना चमत्कारिक वाटे. दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद ही पाचही केंद्रे एकमेकांस जोडली गेली १९९९ साली. तेव्हा कोठूनही कोठलेही तिकीट मिळू लागले.

आता उताऱ्याकडे वळतो. उत्तर कन्नड जिल्हा १८६२ साली मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला आणि १ नोव्हेंबर १९५६ला म्हैसूर राज्यात गेला. त्यामुळे आपल्या घरांतील जुन्या दप्तरांत मुंबई इलाख्याच्या नमुन्याचे कागद आणि नंतरची कन्नडमधील पाहणीपत्रके एकाच रुमालात बांधलेली आढळतात. सुप्याचे धरण १९८०च्या दशकात पुरे झाले आणि काळी नदीच्या पाण्याखाली सुपा गाव गेले. ज्यांची घरे, शेते गेली आणि रामनगरला नव्याने संसार मांडावा लागला, त्यांना कागदाचे मोल कोणी सांगावयास नको. शेत बुडाले तरी शेत होते असे सांगणारा कागदच उरतो.

हे कागद गावातल्या ग्रामलेखापालाच्या हातात असत. नोंद त्याच्या अक्षरात, आणि पुष्कळदा त्याच्या मर्जीतही. कर्नाटक सरकारने ही स्थिती पालटण्यासाठी 'भूमी' हा प्रकल्प राबविला; राजीव चावला हे अधिकारी त्याचे प्रमुख होते. २००० ते २००२ या काळात १७७ तालुक्यांतील सुमारे ६७ लाख खातेदारांच्या २ कोटी नोंदी संगणकात भरल्या गेल्या. खिडकीवर १५ रुपये भरले की छापील उतारा मिळू लागला आणि हाताने लिहिलेला उतारा बाद ठरला. नोंद बदलणाऱ्या कर्मचाऱ्याला संगणकापुढे अंगठा टेकून आपली ओळख पटवावी लागे. फेरफाराचे अर्ज आले त्या क्रमाने निकालात काढण्याची सक्तीही संगणकानेच केली. जोयडा तालुका या १७७ पैकी एक.

येथे एक बाब सहसा कोणी लक्षात घेत नाही. आरंभीची 'भूमी' ही स्वभावतः स्थानिक जाळ्यांची योजना होती. प्रत्येक तालुक्याच्या कचेरीत त्या तालुक्याच्या नोंदींचा मुख्य संगणक, त्याला जोडलेले दोनचार संगणक आणि एक खिडकी. उतारा छापायला बंगळूरची वा कारवारची परवानगी लागत नसे. पावसात टेलिफोनच्या तारा तुटल्या तरी वीज असली की काम चाले. नोंद आणि माणूस एकाच छपराखाली होते. याची उलट बाजूही होती. पूर्वी गावात मिळणारा कागद आता तालुक्यालाच मिळू लागला. शहराजवळच्या तालुक्यात ही गैरसोय क्षुल्लक. परंतु डिग्गीहून, तिनईघाटाहून वा कॅसलरॉकहून जोयड्याला जाणे म्हणजे एका दिवसाची मजुरी आणि परतीची बस. ग्रामलेखापालाची मर्जी सांभाळण्याऐवजी बसची वेळ सांभाळावी लागली, असे कोणी म्हटले तर त्यात अतिशयोक्ती फारशी नाही.

यावर उपाय म्हणून जाळे विस्तृत करण्यात आले. तालुक्याचे संगणक उपग्रहाच्या तबकड्यांनी आणि पुढे राज्याच्या विस्तृत जाळ्याने बंगळूरच्या माहिती केंद्राशी जोडले गेले. २००६च्या सुमारास होबळीच्या ठिकाणी 'नेम्मदी' केंद्रे निघाली. नोंदी हळूहळू मध्यवर्ती ठिकाणी गेल्या. लाभ खरा आणि मोठा आहे. पुण्यात वा बेळगावात नोकरीला असलेला मुलगा आज घरी बसून जोयड्यातल्या जमिनीची नोंद पाहू शकतो. जमीन विकली गेली तर नोंदणी कचेरीतून ती वार्ता महसूल कचेरीकडे आपोआप जाते. परंतु याची किंमतही दिली गेली आहे. ज्या कचेरीच्या भिंतीआड नोंद होती, तिथली खिडकी आता दूरच्या तारेवर अवलंबून आहे. 'सर्व्हर नाही' हे दोन शब्द एकविसाव्या शतकात मराठी, कन्नड, कोंकणी या तिन्ही भाषांत सारखेच उमटले. खिडकीतला माणूस समोर असतो, सज्जनही असतो, पण बिघाड त्याच्या तारेत नसतो; म्हणून जाब विचारायचा कोणाला हेच कळत नाही. स्थानिक जाळ्यात दोषी कोण ते बोट दाखवून सांगता येई.

आम्ही जुन्या स्थितीचे गोडवे गात आहोत असे कोणी समजू नये. आमचा आक्षेप इतकाच की, विस्तृत जाळे आले म्हणजे स्थानिक जाळ्याची गरज संपली, हा समज घातक ठरला. तालुक्यात नोंदींची एक ताजी प्रत ठेवून तार तुटली असताना निदान उतारा देण्यापुरती ती वापरणे अशक्य नव्हते. बँकांच्या पैसे देणाऱ्या यंत्रांना दूरच्या संगणकाची संमती क्षणोक्षणी हवी, कारण शिल्लक दर तासाला पालटते. जमिनीचा उतारा दर तासाला पालटत नाही.

महाराष्ट्रातील वारणानगरचा अनुभव या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. तात्यासाहेब कोरे यांनी उभारलेल्या वारणा सहकारी समूहाच्या भोवतालची कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सत्तर गावे संगणकांनी जोडण्याचा प्रकल्प १९९८ साली राष्ट्रीय सूचना केंद्राच्या साहाय्याने सुरू झाला. जगाची माहिती खेड्यात आणण्याचा संकल्प मोठा होता. प्रत्यक्षात शेतकऱ्यांनी त्या केंद्रांचा उपयोग केला तो मुख्यत्वे आपल्या कारखान्यापुरता: ऊसतोडीची पाळी, खताची खरेदी, वजनाचा आणि पैशांचा हिशेब. २००६-०७ साली मायक्रोसॉफ्टच्या भारतातील संशोधकांनी सात गावांत संगणकाऐवजी मोबाइलच्या लघुसंदेशांवर हेच काम करून दाखविले. पाहणाऱ्यांना ही पीछेहाट वाटली असेल. आम्हांस तसे वाटत नाही. लोकांनी जगाच्या जाळ्यातून आपल्याला लागणारे स्थानिक जाळे निवडून काढले, एवढाच त्याचा अर्थ.

राहता राहिले अंतर. कॅसलरॉकच्या माणसाने घाटाखाली कुळ्याला असलेल्या बहिणीला मोबाइलवरून छायाचित्र पाठविले तर ते दूधसागरच्या कड्यावरून सरळ खाली उतरते असे नव्हे. कॅसलरॉक दूरसंचाराच्या कर्नाटक मंडळात आणि गोवा महाराष्ट्र मंडळात. शिवाय दोघांच्या कंपन्या वेगळ्या असतील. ते छायाचित्र आधी एखाद्या महानगरापर्यंत जाते, तेथे एका कंपनीकडून दुसरीकडे सोपविले जाते आणि मग परत फिरून घाटाच्या पायथ्याशी येते. एके काळी ही वाट याहून लांब होती. मुंबईतल्या दोन वेगळ्या कंपन्यांच्या ग्राहकांमधील पत्रसुद्धा पुष्कळदा परदेशातून फिरून येई, कारण त्या कंपन्यांची तार देशात कोठे एकत्र येतच नव्हती. हा द्राविडी प्राणायाम थांबविण्यासाठी २००३ साली 'निक्सी' ही संस्था स्थापन झाली आणि देशातल्या देशात देवाणघेवाणीची नाकी उभी राहिली.

असे एखादे नाके बेळगाव, लोंढा आणि मडगाव यांच्या दरम्यान कोठे नाही. जकातीच्या काळात मुरगावहून निघालेला माल ज्या ठिकाणी एका कंपनीकडून दुसरीकडे जाई, ते ठिकाण निदान आपल्या तालुक्यात होते.